नळीच्या दोन्ही बाजूंना

मशीनच्या पडद्यावर 041 उमटलं आणि मी मान वर केली. समोर साठी ओलांडलेले गृहस्थ होते. कानाला मफलर, कपाळावर पुसट झालेला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. जवळच्या गावात सप्ता बसला होता, तिथलं रात्रीचं कीर्तन ऐकून ते मोटारसायकलवरून परभणीकडे परतत होते. 31 डिसेंबरची रात्र. वसमत रोडवर काळ्या कमानीच्या अलीकडे आमची नाकाबंदी लागली होती. बॅरिकेडपाशी येताना त्यांची गाडी जराशी हलली, डोळे लाल दिसले, म्हणून मी हात करून थांबवलं होतं.

"माय," ते म्हणाले, "म्या उभ्या जन्मात त्या वाटंला गेलो न्हाई."

नेमणुकीला मला पुरता महिना झाला नव्हता. कलम तेवढं पाठ होतं. मोटार वाहन कायदा, कलम 185: शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. एक्केचाळीस म्हणजे सरळ वरचा आकडा. मशीन खोटं की माळ खोटी, एवढे दोनच प्रश्न माझ्या डोक्यात होते. तिसरं काही असू शकतं हे सुचलंच नाही.

आमच्या सोबतच्या हवालदारांना सगळे भाऊ म्हणतात. निवृत्तीला त्यांची थोडी वर्षं राहिलीत. ते आले, आकडा बघितला, त्या गृहस्थांकडे बघितलं आणि मग माझ्या हातांकडे.

"पोरी, हाताला काय लावलंस?"

सॅनिटायझर. प्रत्येक माणसाची नळी बदलली की मी हातावर दोन थेंब घेत होते. लोकांच्या थुंकीचा हात लागतो, म्हणून. तळवे अजून गार आणि ओलसर होते. त्याच हातांनी मी नवी नळी बसवली होती आणि त्याच हातांनी मशीन त्यांच्या तोंडाजवळ धरलं होतं.

भाऊंनी त्यांना खुर्ची दिली. मला बाटलीतल्या साध्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि कोरड्या फडक्यानं पुसायला सांगितले. पंधरा मिनिटं तोंडात काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही, असं त्या गृहस्थांना समजावलं. ती पंधरा मिनिटं मला माझ्या भरतीच्या आठशे मीटरपेक्षा लांब वाटली. गाड्या येत होत्या, हॉर्न वाजत होते, पोरं "हॅपी न्यू इयर" ओरडत जात होती आणि खुर्चीत एक माळकरी माणूस हात मांडीवर ठेवून गप्प बसला होता. वेळ झाली. नवी नळी लावली. त्यांनी फुंकलं.

000.

"रामकृष्ण हरी," ते म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलंय, परभणीतच. म्हणून ती चूक जास्त लागली. दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर घरी माळ्यावरून तिसऱ्या वर्षाच्या वह्या काढल्या. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या वहीत ॲनोड, कॅथोड, ऑक्सिडेशन, रिडक्शन सगळं माझ्याच अक्षरात होतं. परीक्षेला लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. ते सगळं एका मुठीएवढ्या डब्यात बसून रात्रभर माझ्या हातात असतं हे मात्र तेव्हा कळलं नव्हतं.

त्या डब्यात काय घडतं ते मी नंतर एकेक करून जुळवलं. मशीनच्या आत एक बारीक चकती असते. सच्छिद्र, आम्ल शोषून घेतलेली, दोन्ही अंगांना प्लॅटिनमच्या काळ्या भुकटीचा थर दिलेली. माणूस फुंकतो तेव्हा सगळी हवा त्या चकतीवर जात नाही. बरीचशी नळीतून बाहेर निघून जाते. शेवटी एक बारीक पंप त्यातली थोडीशीच, साधारण एक घनसेंटिमीटर हवा आत ओढतो. कान देऊन ऐकलं तर टक् असा आवाज येतो. त्या हवेत इथेनॉल असेल तर प्लॅटिनमवर ते जळतं, पण ज्योत नसते, धूर नसतो. वाइनची बाटली उघडी राहिली की जिवाणू तिचा हळूहळू शिरका करतात. तोच बदल प्लॅटिनम काही सेकंदांत घडवून आणतं: इथेनॉलचं ॲसिटिक आम्ल होतं. हे होताना प्रत्येक रेणूमागं चार इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेतून चकतीच्या दुसऱ्या अंगाला जातात. तिथं हवेतला ऑक्सिजन त्यांची वाट बघत असतो, त्याचं पाणी होतं. तारेतून गेलेले इलेक्ट्रॉन मोजले की इथेनॉल किती होतं ते कळतं. याला फ्यूएल सेल म्हणतात.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामध्ये इतका पातळ पडदा असतो की रक्तातलं अल्कोहोल ठरावीक प्रमाणात हवेत येतं. बरीच यंत्रं हे प्रमाण 2100 ला एक असं धरतात. म्हणजे कायद्याच्या तीस मिलिग्रॅमच्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसाच्या एक लिटर श्वासात जवळपास 0.143 मिलिग्रॅम अल्कोहोल. पंप ओढतो त्या एका घनसेंटिमीटरमध्ये त्याचा हजारावा भाग. ते सगळं जळलं असं धरलं तर मिळणारा विद्युतभार सुमारे 1.2 मिलिकूलंब. पाच हजार एमएएचच्या मोबाइल बॅटरीत जेवढा भार मावतो, त्याचा हा दीड कोटीवा भाग झाला. एवढ्याशा विजेवर एखाद्याची रात्र कोठडीत जायची की घरी, हे ठरतं. मी तो आकडा पुन्हा पुन्हा तपासला. बरोबर होता.

मग माझ्या हातावरचं सॅनिटायझर म्हणजे काय, हेही आपोआप उलगडलं. त्यात साधारण सत्तर टक्के अल्कोहोल असतं. जिथं एका ग्रॅमच्या कोट्यंशाच्या हिशेबात मोजणी चालते तिथं मी ओले तळवे घेऊन उभी होते. चकतीनं तिचं काम चोख केलं. समोरचं अल्कोहोल तिनं मोजलं. ते कुणाच्या फुप्फुसातून आलं की कुणाच्या तळहातावरून, हे तिला कळायला तिच्यापाशी काही नाही. ते कळायचं काम माझं होतं.

फुप्फुसातली खोलवरची हवा मिळावी म्हणून लांब फुंकायला सांगतात, हेही मला आधी नुसता नियम वाटायचा. पहिल्या फुंकीत तोंडातली आणि श्वासनलिकेतली हवा येते, तिचा रक्ताशी काही संबंध आलेला नसतो. म्हणून मशीन सलग आवाज करत राहतं आणि मध्येच फुंक तुटली तर नापास करतं. लोक तोंडाच्या कडेनं हवा सोडतात, गाल फुगवून नुसता देखावा करतात, कुणी उलटी हवा आत ओढतात. पण बरेच जण खरोखर घाबरून अर्धवट फुंकतात. दोघांतला फरक ओळखायला मी अजून शिकते आहे. आता मी सांगते, "काका, फुगा फुगवल्यासारखं नाही, लांब बासरी वाजवल्यासारखं." त्यानं बऱ्याचदा जमतं.

भाऊंच्या उमेदीच्या काळात हे काम नाकानं चालायचं. तोंडाचा वास घ्यायचा, चालून दाखवायला सांगायचं, मग सरकारी दवाखान्यात नेऊन डॉक्टरांचा कागद घ्यायचा. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1971 साली सांगितलं होतं की तोंडाला वास, डळमळीत चाल, विस्फारलेली बुबुळं एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असं धरता येत नाही. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. नाकाला जो भपकारा येतो तो बराचसा दारूतल्या इतर घटकांचा असतो. वेलची, पुदिना, पान हे सगळं नाकाला फसवतं. चकतीला वेलचीशी देणंघेणं नाही.

नाक आणि चकती यांच्या मधला टप्पा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्वतः पाहिला होता. पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण, त्यात आम्ल, वरून अल्कोहोलचे थेंब, आणि हळूहळू हिरवा रंग. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या पोलीस दलातले रॉबर्ट बोरकेनस्टाइन यांनी 1954 मध्ये याच रंगबदलावर आपलं ब्रेथलायझर बांधलं. रंग किती फिकट झाला ते प्रकाशानं मोजायचं. फ्यूएल सेलची कल्पना त्याहून फार जुनी. वेल्समध्ये जन्मलेल्या विल्यम ग्रोव्ह यांनी 1839 मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून वीज काढून दाखवली होती. तिला दारूच्या कामाला जुंपून खिशात मावणारं यंत्र करणारे टॉम पॅरी जोन्स हेही वेल्सचेच. त्यांची लायन लॅबोरेटरीज ही कंपनी 1967 मध्ये कार्डिफला सुरू झाली आणि सत्तरच्या दशकात त्यांचं यंत्र पोलिसांच्या हातात गेलं. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसानं रस्त्यावरच्या शिपायासाठी केलेलं हे काम आहे. त्यामुळे मला ते परकं वाटत नाही.

माझा धाकटा भाऊ पॉलिटेक्निकला आहे. त्यानं प्रोजेक्टसाठी ऑनलाइन एक स्वस्त सेन्सर मागवला होता, जाळीची टोपी घातलेला. त्यात टिन ऑक्साइड तापवतात आणि वायू लागला की त्याचा विद्युतरोध बदलतो. मी त्याला म्हटलं, आपण बघू. तो डिओडरंटला वाजला. आईच्या नेलपॉलिश रिमूव्हरला वाजला. रॉकेलच्या जुन्या डब्यालाही वाजला. मधुमेह फार बिघडलेल्या माणसाच्या श्वासात ॲसिटोन येतं, त्यालाही असा सेन्सर दारू समजू शकतो. फ्यूएल सेल ॲसिटोनला सहसा दाद देत नाही. म्हणूनच पोलिसांच्या कामाला ती लागते. पण तिलाही इथेनॉल आणि त्याच्या जवळच्या अल्कोहोलांमधला फरक सांगता येत नाही. मिथेनॉल, सॅनिटायझरमध्ये येणारं आयसोप्रोपिल हे सगळे तिच्या लेखी सारखेच.

लोक आम्हा पोलिसांना मामा म्हणतात, पण माझे सख्खे मामा पूर्णेला रेल्वेत लोको पायलट आहेत. नांदेड विभागातलं ते जुनं जंक्शन, अकोल्याची लाइन तिथूनच फुटते. मामांचा आणि या नळीचा संबंध माझ्यापेक्षा कितीतरी जुना आहे. इंजिनावर चढायच्या आधी लॉबीत फुंकायचं, उतरल्यावर पुन्हा फुंकायचं. आठवड्याला दहा-बारा वेळा. मी त्यांना त्या रात्रीचं सांगितलं तेव्हा वाटलं ते धीर देतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"मी आयुष्यात थेंब घेतला नाही," मग ते म्हणाले, "तरी आकडा येईपर्यंत दरवेळी छातीत धडधडतं. माझी माझ्यावरच शंका येते. त्या म्हाताऱ्याला किती वेळ बसवलंत?"

"पंधरा मिनिटं."

"पंधरा मिनिटं," त्यांनी मान हलवली. "आता ऐक. फुंकायला लावायच्या आधी मशीनवरचं कोरं शून्य त्याला दाखवायचं. नळीचं पाकीट त्याच्यासमोर फोडायचं. खोकल्याचं औषध, माउथवॉश, काही घेतलंय का हे आधी विचारायचं, नंतर नाही."

मामांच्या व्हॉट्सॲप गटावर केरळच्या बातम्या फिरल्या होत्या. 2025च्या फेब्रुवारीत रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागानं चालकांसाठी एक आदेश काढला होता: ड्यूटीआधी होमिओपॅथीची औषधं, शहाळ्याचं पाणी, काही जातींची केळी, खोकल्याचं सिरप, माउथवॉश घेऊ नये, कारण मशीन आकडा दाखवत होतं आणि रक्ततपासणीत काही निघत नव्हतं. तो आदेश नंतर मागं घेतला. त्याच वर्षी जुलैत केरळातल्याच पंदळम डेपोत एसटीच्या चालकांनी पिकलेला फणस खाल्ला आणि मशीननं त्यांना प्यायलेले ठरवलं. पिकून आंबू लागलेल्या फळात साखरेचं थोडं अल्कोहोल होतं, ते तोंडात राहतं, आणि लगेच फुंकलं तर चकती ते मोजते. थोडा वेळ गेला की ते लाळेसोबत आणि श्वासासोबत निघून जातं. रक्तातलं अल्कोहोल मात्र पंधरा मिनिटांत कुठंही जात नाही. थांबण्याचा सगळा अर्थ एवढाच आहे.

आमच्याकडे फणस नाही, पण आंबील आहे. वेळ अमावस्येला शेतात माठभर आंबील होते. एका पोरानं खरंच मला सांगितलं होतं, "मॅडम, आंबील पिलोय फक्त." आंबील आंबते ती मुख्यतः दुधाच्या विरजणासारख्या जिवाणूंनी, तिच्यात लॅक्टिक आम्ल होतं, नशेएवढी दारू होत नाही. पण मी त्याला हसून उडवून लावलं नाही. पाण्यानं चूळ भरायला लावली आणि पंधरा मिनिटं बसवलं. त्याचा आकडा 88 होता आणि बसवल्यावर 86 आला. तेव्हा त्याची केस करताना माझा हात थरथरला नाही.

यंत्रालाही सांभाळावं लागतं, हे भाऊंकडून शिकले. हिवाळ्यात परभणीचा पारा खाली उतरला की कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्राचा आकडा सगळीकडे छापून येतो. त्या थंडीत चकतीवरची क्रिया मंदावते. भाऊ दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत मशीन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतात, पाखरू ठेवावं तसं. आमच्या मशीनच्या पुस्तिकेत 5 ते 40 अंश असं लिहिलंय, आणि मे महिन्यात इथं दुपारी चाळीस तर सहज ओलांडतं. सिगारेटचा धूर थेट नळीत गेला तर प्लॅटिनम खराब होतं. एखाद्याचा मोठा आकडा आला की आतलं सगळं जळून संपेपर्यंत मशीन "थांबा" म्हणतं, आणि रांगेतले लोक माझ्यावर चिडतात. मीही आधी त्या "थांबा"वर चिडायचे. ठरावीक महिन्यांनी कॅलिब्रेशन करावं लागतं: पाण्यात मोजून अल्कोहोल घालून ते द्रावण 34 अंशांवर ठेवतात, कारण तोंडातून बाहेर पडणाऱ्या श्वासाचं तापमान साधारण तेवढंच असतं, आणि त्यातून काढलेली वाफ मशीनला देऊन आकडा जुळवतात. आता मी ड्यूटीला मशीन घेतलं की पाठीमागची कॅलिब्रेशनची चिठ्ठी आधी वाचते. मग स्वतः फुंकते. सॅनिटायझर घरी ठेवलंय. खिशात साबणाची वडी असते.

जानेवारीत एकदा जिंतूर नाक्यावर पहाटेची नाकाबंदी होती. पाच वाजता दुधाचा टेम्पो आला. तिशीचा चालक, अंघोळ केलेला, कपाळाला गंध, अंगाला साबणाचा वास. गाडी सरळ चालवत होता. मी शून्य दाखवलं, पाकीट फोडलं, औषध विचारलं. त्यानं मनापासून लांब फुंकलं. 52.

त्याला धक्काच बसला. रात्री मित्राच्या शेतात पार्टी होती, हे त्यानं लपवलं नाही. पण बाराच्या आधी संपवलं, झोपलो, उठलो, चहा घेतला, थंड पाण्यानं अंघोळ केली, मग आता कशी राहील, असं तो विचारत होता. पंधरा मिनिटांनी पुन्हा घेतलं. 50. खरंच होतं ते. चहानं, अंघोळीनं, लिंबानं रक्तातली दारू जात नाही. यकृत ती आपल्या गतीनं जाळतं, सरासरी शंभर मिलिलिटर रक्तामागं तासाला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास, कुणाचं थोडं जास्त, कुणाचं कमी.

भाऊ कागद भरत होते. तो बॅरिकेडला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मग मी किती वाजता निघायला पाहिजे होतं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी नळीच्या पाकिटाच्या मागं पेननं हिशेब केला. बावन्नातून तीस गेले, बावीस उरले, भागिले पंधरा, म्हणजे जवळपास दीड तास. ती झाली नुसती कायद्याची रेषा. पुरतं शून्य व्हायला साडेतीन तास. पाकीट त्याच्याकडे दिलं.

"केस व्हायला नको असेल तर साडेसहा," मी म्हटलं. "खरं तर साडेआठ."

त्यानं पाकीट उलटसुलट बघितलं. मागं हौद्यात कॅन एकमेकांवर आपटत होते.

"साडेआठला डेअरी कुठली वाट बघते, मॅडम."